शेतांचीं नांवें आणि गांवाची आठवण

सात-बाराचा उतारा आपल्यापैकीं प्रत्येकाच्या घरीं असतो. पीककर्जासाठीं, विम्यासाठीं, भावाभावांच्या वांटणीसाठीं तो वर्षांतून एकदोनदां तरी काढावाच लागतो. क्रमांक पाहावयाचा, क्षेत्र पाहावयाचें, आपलें नांव बरोबर लागलें आहे कीं नाहीं हें पाहावयाचें आणि कागद घडी करून ट्रंकेंत ठेवावयाचा, एवढीच आपली रीत. त्याच उताऱ्यावर ‘शेताचें स्थानिक नांव’ असा एक रकाना असतो. तो बहुधा कोरा असतो.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनीच्या जागेवर तीस वर्षांहून अधिक काळ काढला. हजारों उतारे हाताखालून गेले. त्यांत हा रकाना भरलेला उतारा क्वचितच आढळला. खोटें कशाला बोलावें, ज्या काळीं उतारे हातानें लिहिले जात त्या काळीं नकला करतांना आम्हीं स्वतः हा रकाना कित्येकदां कोरा सोडला आहे. त्याबद्दल कोणी विचारलें नाहीं, कोणी रागें भरलें नाहीं. आतां निवृत्तीनंतर त्याच कोऱ्या रकान्याविषयीं चार शब्द लिहावेसे वाटतात. हें आमच्या हातून राहिलेल्या कामाचें प्रायश्चित्त समजावें.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, गांवाचें नांव, शेतांचीं नांवें आणि त्यांच्याशीं जडलेली माहिती ही जमीनजुमल्यासारखीच एक इस्टेट आहे. धुऱ्यावर कोणी हातभर सरकला तर आपण धांवत कचेरींत जातों. परंतु ही दुसरी इस्टेट डोळ्यांदेखत नाहींशी होत असतां आपणांस त्याची खंत वाटत नाहीं. ती राखल्यानें काय मिळतें आणि गमावल्यानें काय जातें हें स्पष्ट दिसावें म्हणून प्रथम एका दूरच्या गांवाचें उदाहरण देतों; मग आपल्या कुही तालुक्याकडे वळूं.

जर्मनी देशाच्या पश्चिम भागांत मोझेल नांवाची नदी आहे. ती पुढें ऱ्हाइन नदीस मिळते. तिच्या एका मोठ्या वळणावर पीसपोर्ट नांवाचें लहानसें गांव आहे. वस्ती दोन हजारांच्या आंतबाहेर. तेथें दक्षिणेकडे तोंड करून उभी असलेली अति चढाची टेकडी आहे, आणि तिची माती म्हणजे पाटीच्या दगडाचा चुरा. हा दगड दिवसां तापतो व रात्रीं ऊब सोडतो. त्यामुळें त्या थंड मुलुखांतही तेथें द्राक्ष पिकतें. द्राक्षांचा रस आंबवून मद्य करितात आणि तें गांवाच्या नांवानें देशोदेशीं विकलें जातें. आमच्या वाचकांत माळकरी पुष्कळ आहेत हें आम्ही जाणून आहों. मद्याची तरफदारी करण्याचा येथें हेतु नाहीं. पीक कोणतेंही असो, गांवानें आपलें नांव कसें कमावलें व कसें सांभाळलें, एवढेंच पाहावयाचें आहे.

सन १९८५ मध्यें त्या टेकडीच्या पायथ्याशीं शेतांच्या एकत्रीकरणाचें काम चालू असतां रोमन अंमलांतलें द्राक्षें तुडविण्याचें दगडी बांधकाम सांपडलें. तें इसवी सनाच्या चौथ्या शतकांतलें ठरलें. ऑसोनियस नांवाच्या रोमन कवीनें सुमारें सन ३७१ मध्यें मोझेल नदीवर एक काव्य रचिलें. त्यांत तिच्या कांठच्या द्राक्षमळ्यांचें वर्णन आहे. म्हणजे आज ज्या टेकडीवर वेल उभे आहेत तेथें सोळाशें वर्षांपूर्वींही द्राक्षें तुडविलीं जात होतीं. गांवानें तें बांधकाम पुन्हां बुजूं दिलें नाहीं. त्यावर छप्पर घालून तें उभें केलें, आणि तेथें जुन्या रीतीनें द्राक्षें तुडविण्याचा उत्सव सुरू केला. गांवचीं मुलें हा इतिहास पुस्तकांत वाचण्याआधीं डोळ्यांनीं पाहतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सन १७६३ मध्यें गांवच्या चर्चचे धर्मगुरु योहानेस हाउ यांनीं शेतकऱ्यांस समजावून रीसलिंग ही जात लावण्यास राजी केलें. ही जात उशिरां पिकते आणि हलक्या जातींपेक्षां उतारा कमी देते. पण मालास भाव येतो. भारंभार पिकविण्याची संवय सोडून थोडें पण चोख पिकविणें हें कोणत्याही शेतकऱ्यास जड जातें. त्या गांवानें तें केलें. अडीचशें वर्षें झालीं तरी तें वर्ष व त्या धर्मगुरूंचें नांव गांवाच्या तोंडीं आहे.

तेथें मळ्यांस केवळ क्रमांक नाहींत, नांवें आहेत. पीसपोर्टच्या सर्वांत प्रसिद्ध मळ्याचें नांव ‘गोल्डट्रॉप्फ्शेन’, म्हणजे ‘सोन्याचा लहानसा थेंब’. बाटलीवर आधीं गांवाचें नांव व त्यापुढें मळ्याचें नांव छापतात. घेणाऱ्यास त्यावरून टेकडी कळते, माती कळते, ऊन कोणत्या बाजूचें हें कळतें, आणि तो त्याप्रमाणें पैसे मोजतो. आम्हां महसुलाच्या माणसास याहून नवल वाटावें अशी एक हकीकत आहे. सन १८६८ मध्यें ट्रीर शहरांतील क्लोटेन नांवाच्या कर-अधिकाऱ्यानें मोझेलकांठच्या द्राक्षमळ्यांचा एक नकाशा प्रसिद्ध केला. सारा बसविण्यासाठीं सरकारनें मळ्यांच्या उत्पन्नाची जी प्रतवारी केली होती ती त्यांत रंगानें दाखविली होती. जितका सारा अधिक तितका रंग गडद. सारा वाढावा असें कोणत्याही शेतकऱ्यास वाटत नाहीं. परंतु पुढें तोच नकाशा मळेवाल्यांचें भूषण झाला. ‘आमच्या मळ्यावर गडद रंग आहे’ असें तेथील शेतकरी आजही अभिमानानें दाखवितो. कारकुनाच्या दफ्तरांतला कागद लोकांनीं आपला मानला तर त्याचें असें सोनें होतें.

आतां याच गांवानें काय गमावलें तें ऐकावें. सन १९७१ मध्यें जर्मनींत मद्याविषयीं नवा कायदा झाला. हिशेब सोपा व्हावा म्हणून लहान लहान मळ्यांचीं नांवें मोठ्या नांवांत मिळवून टाकण्यांत आलीं. पूर्वीं साऱ्या देशांत तीस हजारांच्या आसपास नांवें होतीं, तीं सुमारें सव्वीसशेंवर आलीं. त्याशिवाय आसपासच्या कित्येक गांवांची जमीन एका छत्राखालीं धरून तिला एकच नांव देण्याची सोय झाली. पीसपोर्टच्या वांट्यास असें एक छत्र आलें; त्याचें नांव ‘मिशेल्सबेर्ग’. परिणाम असा झाला कीं, ज्या मालानें ती टेकडी कधीं पाहिली नाहीं असा सपाट जमिनीवरचा हलका मालही पीसपोर्टचें नांव पुढें लावून इंग्लंड-अमेरिकेच्या बाजारांत स्वस्तांत विकला जाऊं लागला. गिऱ्हाईक नांव ओळखतें. टेकडी ओळखत नाहीं. नांव खालीं आलें तसे टेकडीवर घाम गाळणाऱ्या खऱ्या शेतकऱ्यासही ‘तुमचा माल तर दुकानांत स्वस्त मिळतो’ असें ऐकावें लागलें. पन्नास वर्षांनंतर, सन २०२१ मध्यें, अशा छत्राखालच्या मालावर तसा स्पष्ट शब्द छापावा असा नियम करावा लागला. जें पंधराशें वर्षांत कमावलें तें एका कायद्यानें सैल झालें, आणि पुन्हां घट्ट करण्यास अर्धें शतक लागलें.

हें सर्व परक्या मुलुखाचें झालें. आपल्या तालुक्याचें काय? वाचकांस वाटेल, कोठें तें रोमन बांधकाम आणि कोठें आमची कुही! पण वस्तुस्थिति तशी नाहीं. मांढळ हें गांव आपणां सर्वांच्या माहितीचें; बाजारासाठीं आपण तेथें जातों. त्याच मांढळच्या शिवारांत रुद्रसेन दुसरा, प्रवरसेन दुसरा व पृथिवीषेण दुसरा या वाकाटक राजांचे ताम्रपट मिळाले आहेत. त्यांचा काळ चौथ्या शतकाच्या अखेरीपासून पांचव्या शतकापर्यंतचा. नागपूर विद्यापीठानें डॉ. अजय मित्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखालीं सन १९७५ ते १९७७ या सुमारास तेथील टेकाडांवर उत्खनन केलें, तेव्हां त्या काळचीं देवळें व शिवाच्या दुर्मिळ घडणीच्या मूर्ति निघाल्या. पीसपोर्टला द्राक्षें तुडविलीं जात होतीं त्याच सुमारास आमच्या मांढळास देवळें बांधलीं जात होतीं व जमिनीचे लेख कोरले जात होते.

ताम्रपट म्हणजे तरी काय? तें त्या काळचें महसुली दफ्तरच होय. गांव कोणास दिलें आणि कोणत्या हक्कांसह दिलें हें त्यांत लिहिलेलें असतें. कित्येकांत चतुःसीमाही दिलेल्या असतात. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं नागपुरास राहून वाकाटकांच्या लेखांचा मोठा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ सन १९६३ मध्यें प्रसिद्ध झाला. त्या दानपत्रांतील सवलतींची यादी वाचतांना आम्हांस हंसूंही आलें आणि थोडी लाजही वाटली. दौऱ्यावर आलेल्या राजाच्या अंमलदारांस गवत, बसावयास कातडें आणि शेगडीस कोळसा पुरविण्याचें बंधन या गांवावर नाहीं, असें त्यांत स्पष्ट लिहिलेलें असतें. म्हणजे साहेबांच्या दौऱ्याची सरबराई ही दीड हजार वर्षांची जुनी व्यथा आहे! त्याच यादींत मीठ खणण्याचा व आंबविलेलें मद्य घेण्याचा राजाचा हक्कही या गांवावर चालणार नाहीं असें म्हटलेलें आहे. वेठबिगारीची माफीही त्यांत आहे. शेतकऱ्याच्या हिताची इतकी नेमकी नोंद पुढल्या कित्येक राजवटींनीं केलेली नाहीं.

मांढळ हें एकच उदाहरण नव्हे. आपल्याच तालुक्यांतील अडम येथें पुरातत्त्व खात्याचे अमरेंद्र नाथ यांनीं सन १९८८ ते १९९२ या काळांत खोदकाम केलें. अश्मयुगापासून सातवाहनांच्या काळापर्यंतच्या वस्तीचे थर, मातीचा तट व खंदक तेथें आढळला, आणि अस्सक जनपदाचें नांव उमटविलेली मातीची मुद्रा मिळाली. अंभोऱ्यास वैनगंगा, कन्हान व आम आदि पांच नद्यांचा संगम आहे. शके १११० म्हणजे सन ११८८ मधला मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ तेथेंच रचला गेला अशी या भागांतील परंपरा. अंबाजोगाईचे लोक तो मान आपल्याकडे घेतात. हा वाद पंडितांनीं खुशाल चालवावा. वाद होण्याइतकी जुनी गोष्ट आपल्या दारांत आहे, हें आपण जाणावें म्हणजे झालें. या तीन गांवांच्या मानानें पीसपोर्ट कांहीं फार मोठें नाहीं. फरक इतकाच कीं, तेथल्या शाळकरी मुलास आपल्या गांवची हकीकत सांगतां येते. मांढळच्या बाजारांत मिरची विकणाऱ्या दहांतील नवांस ताम्रपटांची वार्ताही नसते.

कोणी म्हणेल, राजांचे लेख राजांजवळ. आम्हां कुणब्यांचा त्यांत काय संबंध? म्हणून अगदीं अलीकडची गोष्ट घेऊं. भोसल्यांचें राज्य सन १८५४ मध्यें खालसा झालें. पुढें इंग्रजी अंमलांत मालगुजारी आली व जमिनीचे बंदोबस्त झाले. सन १८९० च्या दशकांत क्रॅडॉक साहेबांनीं नागपूर जिल्ह्याचा बंदोबस्त केला, तेव्हां काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी मातीची प्रतवारी झाली. मोझेलच्या गडद-फिक्या रंगांसारखेंच हें काम होतें. त्या काळच्या बंदोबस्तांत प्रत्येक गांवाच्या चालीरीतींची एक नोंद करीत. तिला वाजिब-उल-अर्ज म्हणतात. जंगलांतून लांकूड कोणी घ्यावें, तलावाचें पाणी कसें वांटावें, ढोरें कोठें चरावीं, गाडीवाट कोठून जावी, हें त्यांत गांवकऱ्यांच्या तोंडून उतरवून घेतलेलें असतें. जर्मनींतही गांवकऱ्यांनीं तोंडीं सांगितलेल्या अशाच चालीरीतींचे कागद असत. परीकथांमुळें मुलांसही ठाऊक असलेले याकोब ग्रिम यांनीं सन १८४० पासून ते गोळा करून छापले. आपल्याकडे मालगुजारी सन १९५१ मध्यें गेली. पण तीं कागदपत्रें दफ्तरखान्यांत राहिलीं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यांतही निस्तार पत्रकास कलम १६१ व वाजिब-उल-अर्जास कलम १६५ अशी जागा आहे. म्हणजे ही नोंद मेलेली नाहीं. आपणच तिच्याकडे पाठ फिरविली आहे.

पाठ फिरविल्याचें फळ काय, तें आम्हीं नोकरींत असतां पाहिलें. गांवाचें नांव सांगत नाहीं. एका धनिकानें पांदण नांगरून वावरांत घेतली. पलीकडच्या पांच घरांची वाट बंद झाली. पावसाळ्यांत बैलगाडी जाईना; बियाणें डोक्यावर न्यावें लागे. प्रकरण कचेरींत आलें. आम्हीं जुना वाजिब-उल-अर्ज शोधून काढला. त्यांत स्वच्छ लिहिलेलें होतें कीं, गाडीवाट तलावाच्या पाळीपासून निघून मोहाच्या वावराच्या उत्तर धुऱ्यानें नाल्यापर्यंत जाते. आम्हांस वाटलें, तंटा मिटला. पण मोहाचें वावर कोणतें? मोहाचें झाड कधींच तुटून गेलेलें. एक पक्ष एक वावर दाखवी, दुसरा पक्ष दुसरें. सात-बारा काढले, ‘शेताचें स्थानिक नांव’ हा रकाना कोरा. दोन खरीप असे गेले. त्या पांचांपैकीं एकानें कंटाळून बैलजोडी विकली आणि आपलें वावर ज्यानें वाट अडविली त्यालाच बटाईनें दिलें.

शेवटीं गांवांतील ऐंशी वर्षांच्या एका आजीबाईंस गाडींत बसवून शिवारांत नेलें. लहानपणीं त्या आईबरोबर त्या झाडाखालीं मोहफुलें वेंचीत असत. त्यांनीं काठीनें जागा दाखविली. तेथें गवत काढून खणलें तों कुजलेलें जुनें खोड निघालें. पंचनामा झाला, वाट मोकळी झाली. आजीबाई पुढल्याच वर्षीं वारल्या. त्या आदल्या वर्षीं वारल्या असत्या तर काय झालें असतें? आणि ज्या उताऱ्यांतला तो रकाना कोरा होता त्यांतील एकावर अक्षर आमचें होतें. बैलजोडी विकणाऱ्या त्या माणसाचा चेहरा आम्हांस अजून आठवतो. म्हणून नांव ही केवळ हौसेची गोष्ट आहे असें कोणी म्हटलें तर तें आम्हांस पटत नाहीं.

ज्यांचीं गांवेंच पाण्याखालीं गेलीं त्यांची कथा याहून कठीण. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें २२ एप्रिल १९८८ रोजीं झाली. सन २००९ मध्यें त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. वैनगंगेचें पाणी मागें चढत आलें, आणि भंडारा जिल्ह्याप्रमाणेंच आपल्या कुही तालुक्यांतील गांवांसही गांवठाण सोडावें लागलें. मोबदल्याच्या याद्यांत घरें होतीं, विहिरी होत्या, झाडें होतीं. शेताच्या नांवास भाव नव्हता, म्हणून त्यास रकानाही नव्हता. नव्या गांवठाणांत आंखीव रस्ते आहेत, भूखंडांस क्रमांक आहेत. परंतु कोणती बांधी कोणाची होती, बोडी कोठें होती, देवीची पालखी कोणत्या धुऱ्यानें जाई, हें आतां केवळ साठीपुढच्या लोकांच्या डोक्यांत आहे. अंभोऱ्यास सन २०२४ मध्यें नवा झुलता पूल सुरू झाला. लोक दुरून तो पाहावयास येतात. पाहुणा पुलावर उभा राहून ‘या पाण्याखालीं काय होतें?’ असें विचारील तेव्हां उत्तर देणारा माणूस व कागद दोन्ही आपल्याजवळ असावेत.

आतां पिकाकडे येऊं, कारण आमच्या वाचकांचें पोट पिकावर आहे. द्राक्ष आपलें नव्हे. नाशिककडच्या लोकांनीं आपल्या द्राक्षांस व मद्यास सन २०१० च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळवून घेतलें. नागपुरी संत्र्यास तें सन २०१४ मध्यें मिळालें. आपल्या शेजारच्या भिवापुरी मिरचीसही सन २०१६-१७ मध्यें तें मिळालें. लालभडक रंग व बेताचा तिखटपणा हें तिचें वैशिष्ट्य. मिरचीचे सातरे आणि तेथें देठ खुडून पोट भरणाऱ्या बायाबापड्या कुही, मांढळ, भिवापूर या पट्ट्यांत कोणास नवीन नाहींत. असें असतां आज मूळ भिवापुरी बियाणें किती घरीं आहे? अधिक उतारा देणाऱ्या संकरित जातींनीं तिला मागें लोटलें. त्याबद्दल शेतकऱ्यास दोष देतां येत नाहीं. मजुरी वाढली, रोग वाढला, व्यापारी मोजतो तो वजनानें. पण पीसपोर्टची गोष्ट येथें आठवावी. त्यांनीं सन १७६३ मध्यें कमी उताऱ्याची जात धरली, कारण नांवावर भाव मिळण्याची खात्री होती. आणि सन १९७१ नंतर त्यांस त्रास झाला तो नांवाखालीं भलताच माल शिरल्यामुळें. आपल्याकडे दोन्ही चुका एकदम होण्याचा संभव आहे: खरी मिरची पिकवावयाची नाहीं, आणि भलत्याच मिरचीस भिवापुरी म्हणून विकूं द्यावयाचें. मानांकनाचा कागद मिळाल्यानें हें आपोआप थांबत नाहीं. ज्या शेतकऱ्यास तें नांव लावावयाचें त्यानें अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घ्यावी लागते. नोंद नाहीं तर नांव दुसऱ्याचें.

या सर्वांवर तीन आक्षेप येतात, ते आम्हीं पारावर ऐकले आहेत. पहिला असा कीं, कापसास भाव नाहीं, धानास बोनस वेळेवर नाहीं, तेथें नांवें घेऊन काय करावें? यास उत्तर वर आलेंच आहे. ज्यांची पांदण दोन वर्षें बंद राहिली त्यांस विचारावें. दुसरा आक्षेप, हें काम विद्वानांचें आहे. तसें नव्हे. मांढळची टेकाडें विद्वानांनीं खणलीं. परंतु आपल्या शेताचें नांव विद्वानांस ठाऊक नसतें, तें आपल्या आईस ठाऊक असतें. तिसरा आक्षेप अधिक विचाराचा आहे. शेताचें नांव जुन्या मालकावरून पडलेलें असलें, तर तें लिहिल्यानें त्याचे वारस उद्यां हक्क सांगतील, अशी भीति कित्येकांस वाटते. आमच्या अनुभवावरून सांगतों कीं, स्थानिक नांवाच्या रकान्यानें कोणासही मालकी मिळत नाहीं. मालकी भोगवटादाराच्या नोंदीवरून व फेरफारावरून पाहतात. मात्र कांहीं नांवें एखाद्या जातीस हिणविणारीं असतात. तीं नव्या कागदावर पुन्हां चढवूं नयेत. जुन्या अन्यायाचें जतन करणें हा आमचा हेतु नाहीं.

यास्तव आमच्या सूचना येणेंप्रमाणें आहेत. पहिली सूचना, प्रत्येक गांवानें एक जाड वही घालावी. तींत शेतांचीं नांवें, बोड्या व तलाव, पांदणी, झरे, देवस्थानें, दुष्काळ व पुराचीं वर्षें, जुनीं बियाणें व त्यांचे गुण हें सर्व लिहावें. साठीपुढच्या माणसांपासून आरंभ करावा, आणि बायकांस विसरूं नये. त्यांस अधिक आठवतें. दुसरी, ही वही ग्रामसभेंत मोठ्यानें वाचावी, म्हणजे चुका तेथल्या तेथें दुरुस्त होतील. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वयें गांवाची जैवविविधता नोंदवही करावयाचीच असते. ती कोणा परक्याकडून भरून न घेतां याच वहीवरून भरावी. तिसरी, तलाठी, ज्यांस अलीकडे ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांजकडे लेखी अर्ज देऊन आपल्या उताऱ्यावरील स्थानिक नांवाचा रकाना भरून मागावा, आणि अर्जाची पोंच घ्यावी. चौथी, आपल्या गांवच्या वाजिब-उल-अर्जाची व निस्तार पत्रकाची नक्कल रीतसर मागून ग्रामपंचायतींत ठेवावी. पांचवी, ज्यांजवळ मूळ मिरचीचें अथवा धानाचें जुनें बियाणें आहे त्यांनीं तें दरवर्षीं थोड्या तरी जागेंत वेगळें पेरून राखावें. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वयें शेतकऱ्यासही आपलें वाण नोंदवितां येतें, हें ध्यानांत असावें.

यांतील एकाही कामास मोठा खर्च नाहीं. वही, लेखणी, आणि येत्या उन्हाळ्यांतील कांहीं संध्याकाळा लागतील. धरणाखालीं गेलेल्या गांवांनीं मात्र उन्हाळ्याचीही वाट पाहूं नये. त्यांची वही लिहून देणारीं माणसें दरवर्षीं कमी होत आहेत.

आम्हीं स्वतः आमच्या दोन्ही वावरांचीं नांवें आमच्या थोरल्या वहिनींस विचारून घेतलीं व गेल्या महिन्यांत अर्ज दिला. एका वावराचें नांव आम्हांस ठाऊक होतें. दुसऱ्याचें नांव आम्हीं साठीच्या उंबरठ्यावर प्रथमच ऐकिलें. आमच्या वाचकांनींही आज घरीं गेल्यावर हा एक प्रश्न वडीलधाऱ्यांस विचारावा, इतकी विनंति करून हा लेख पुरा करितों.